वर्कशॉप टाकलंय? पहिलं बोट जायच्या आधी हे वाचून घ्या

गेल्या महिन्यात भोसरीत एका ओळखीच्याच्या शेडमध्ये गेलो होतो. नवीन मालक, चार पॉवर प्रेस (पत्रा ठोकून आकार देणारी मशीनं), दोन ड्रिल, एक ग्राइंडर, एक कॉम्प्रेसर, बावीस माणसं. फर्स्ट एड बॉक्स कुठे ठेवलाय विचारलं तर म्हणाला, आहे ना, केबिनमध्ये. केबिनला कुलूप, चावी याच्या खिशात, आणि हा साडेसातला घरी जातो, प्रेस मात्र रात्री साडेअकरापर्यंत ठोकत असतात. पेटी उघडली तर आत मुदत संपलेली आयोडीनची बाटली, सुटलेली बँडेजची गुंडाळी आणि खाली चहावाल्याच्या बिलांचा गठ्ठा.

माणूस अजिबात वाईट नाही, पगार वेळेवर देतो, दिवाळीला बोनस देतो. त्याला कुणी नीट सांगितलंच नव्हतं, कन्सल्टंटने एक जाडजूड फाइल करून दिली, पैसे घेतले, विषय संपला. मी चौदा वर्षं सेफ्टीत काढलीत, आधी एका मोठ्या कंपनीत आणि आता अशा लहान शेडवाल्यांसोबत, आणि प्रत्येकाला तेच तेच सांगून दमलो म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

आधी माणसं मोजा, खरी

कायदा तुम्हाला कुठला आणि किती लागतो हे माणसांच्या आकड्यावर ठरतं. आणि इथेच पहिली चलाखी होते. "माझे फक्त आठ आहेत, बाकीचे ठेकेदाराचे." असं नसतं हो. तुमच्या शेडमध्ये तुमच्या मशीनवर जो उभा आहे तो मोजला जातो, पगाराची पावती कुणाच्या नावाने निघते याच्याशी संबंध नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या, त्यातली आपल्या कामाची म्हणजे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य वगैरेची २०२० सालची संहिता, सगळे तिला ओएसएच कोड म्हणतात. १९४८ चा फॅक्टरी अ‍ॅक्ट तिच्यात गेला. पण म्हणून जुने नियम रद्दीत घालू नका, कोडशी जिथे भांडत नाहीत तिथपर्यंत ते चालू राहतात, आणि इन्स्पेक्टरसुद्धा बोलताना अजून जुन्याच भाषेत बोलतो. त्याचं नवीन नाव इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर झालंय, पण एमआयडीसीत सगळे फॅक्टरी इन्स्पेक्टरच म्हणतात आणि त्यांच्या ऑफिसला, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, डिश.

आकडे असे आहेत: १० माणसं झाली की आस्थापनेची नोंदणी, तीही ६० दिवसांत आणि ऑनलाइन. वीज वापरून उत्पादन करत असाल आणि २० माणसं असतील तर तुम्ही कारखाना, वीज नसेल तर ४०. धोकादायक काम असेल तर सरकार एका माणसाच्या जागेलासुद्धा कोड लावू शकतं, त्यामुळे "आम्ही छोटे आहोत" हे केमिकलवाल्यांनी तर म्हणूच नये. १०० माणसं झाली की कॅन्टीन, ५० झाली की पाळणाघराची सोय, ५०० झाली की सेफ्टी ऑफिसर, धोकादायक प्रक्रिया असेल तर तो २५० लाच. याच्या खाली असाल तर या सोयी आणि पदं लागत नाहीत, पण मालकाची मूळ कर्तव्यं त्यामुळे माफ होत नाहीत.

मूळ कर्तव्यं म्हणजे काय, तर जागा धोक्यापासून मुक्त ठेवणं, प्रत्येकाला अपॉइंटमेंट लेटर देणं, फुकट आरोग्य तपासणी (नवीन कोड आला तेव्हा केंद्राने चाळिशीच्या पुढच्यांसाठी वर्षातून एकदा असं जाहीर केलं), आणि एक गोष्ट जी बरेच जण मोडतात: सुरक्षेसाठी दिलेल्या कुठल्याही वस्तूचे पैसे कामगाराच्या पगारातून कापायचे नाहीत. बुटांचे साडेसहाशे, हेल्मेटचे दोनशे, असं कापलेलं मी स्लिपवर छापलेलं पाहिलंय. म्हणजे चोरी केली आणि पावती पण दिली.

मग ठरवा, सापडणार कोण

कायद्यात ऑक्युपायर नावाचा एक माणूस असतो, कारखान्याचा शेवटचा ताबा ज्याच्याकडे आणि जबाबदारीही त्याचीच. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर डायरेक्टरांपैकी एक, भागीदारी असेल तर भागीदारांपैकी एक. तोच. मॅनेजरला नेमलं म्हणून सुटका नाही, ठेकेदाराकडून "अपघाताची जबाबदारी माझी" असं शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं म्हणून तर अजिबातच नाही. तो कागद मी निदान दहा ठिकाणी पाहिलाय, कपाटात लॅमिनेट करून ठेवलेला, ताईत असल्यासारखा. तुमच्यात आणि ठेकेदारात पैशांचं काय ठरलं ते तुमचं तुम्ही बघा, इन्स्पेक्टर येणार तो तुमच्याकडेच.

कर्तव्यात कसूर झाली आणि त्यामुळे माणूस गेला तर २ वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा कमीत कमी ५ लाख दंड किंवा दोन्ही. गंभीर इजा झाली तर १ वर्षापर्यंत किंवा २ ते ४ लाख दंड किंवा दोन्ही. त्या दंडातला निम्मा किंवा जास्त भाग जखमी माणसाला नाहीतर त्याच्या घरच्यांना द्यायला कोर्ट सांगू शकतं.

वही घ्या आणि शेडमध्ये फिरा

फाइल नंतर. आधी एक वही, पेन, आणि सोबत तुमचा सगळ्यात जुना ऑपरेटर, सुपरवायझर नाही. सुपरवायझर तुम्हाला आवडेल ते सांगतो. जुन्या माणसाला एकच प्रश्न विचारा, "इथे आतापर्यंत कुणाला काय काय लागलंय, आणि थोडक्यात कोण वाचलंय?" आणि गप्प बसा. पहिली दोन मिनिटं तो म्हणेल काही नाही साहेब, सगळं ठीक. मग सुरू होतो. कॉम्प्रेसरचा बेल्ट उघडा आहे, त्या कोपऱ्यात पावसाळ्यात पाणी येतं आणि वेल्डिंगची केबल त्याच पाण्यातून जाते, गेल्या होळीला त्या पोऱ्याच्या शर्टाची बाही ड्रिलमध्ये गुंडाळली होती.

हे सगळं लिहा. प्रत्येकासमोर लिहा की हा धोका मुळातून काढता येईल का, नाही तर बदलता येईल का, नाही तर गार्ड लावता येईल का, नाही तर कामाची पद्धत बदलता येईल का, आणि हे सगळं संपल्यावर ग्लोव्हज-गॉगल. आपल्याकडे उलटं चालतं, सुरुवातच ग्लोव्हजपासून. आणि फिरत्या ड्रिलवर तर ग्लोव्हज घालायचेच नसतात, ते अडकतात आणि हात घेऊन जातात, हे किती मालकांना माहितीय? मोठ्या कंपन्या या वहीला हिरा (HIRA, म्हणजे धोके ओळखून त्यांचं मोजमाप) म्हणतात, नाव काहीही द्या, वहीवर तारीख आणि कोण काय करणार हे असलं पाहिजे.

पॉवर प्रेस, इथे जरा थांबतो

पुणे, वाळूज, अंबड, कुठेही जा, बोटं जातात ती सगळ्यात जास्त या मशीनवर, निदान मी पाहिलेल्या केसेस तरी बहुतेक यावरच्या. आणि तुम्ही नवीन असाल तर सेकंडहँड प्रेसच घेतला असणार, त्यामुळे आधी हे तपासा की क्लच, म्हणजे मोटरची ताकद रॅमला (वरून खाली ठोकणाऱ्या भागाला) जोडणारा भाग, कुठला आहे. जुन्या मेकॅनिकल प्रेसला की-क्लच असतो. पेडल दाबून आतली 'की' (चावी) एकदा अडकली, मग रॅम खाली जाऊन पूर्ण चक्कर मारूनच वर येणार, मध्ये थांबत नाही, तुम्ही ओरडा, बटण दाबा, काहीही करा. एअर क्लचवाला प्रेस मध्येच थांबवता येतो.

आता गंमत बघा. एका शेडमध्ये मालकाने मोठ्या हौशीने लाइट कर्टन (हात ओळखणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बसवला होता, चांगला महागडा, लाल दिवा वगैरे, कस्टमरच्या ऑडिटमध्ये शाबासकी पण मिळाली. प्रेस की-क्लचचा. म्हणजे हात आत गेला की सेन्सरला कळणार, सेन्सर सिग्नल देणार, आणि प्रेस तो सिग्नल ऐकणारच नाही. मी रिकाम्या डायमध्ये (साच्यात) पुठ्ठ्याची पट्टी घालून दाखवली, दिवा पेटला आणि पट्टी चिरडली. मालकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. की-क्लचला उपाय एकच, डायभोवती फिक्स गार्ड, ज्यातून पट्टी आत जाईल पण बोट जाणार नाही, नाहीतर गार्ड पूर्ण बंद झाल्याशिवाय पेडल दबूच नये असा इंटरलॉक. पीस काढायला-घालायला चिमटा किंवा मॅग्नेट द्या.

डबल हँड बटण एअर क्लचला चांगलं, दोन्ही हात बटणावर असतील तर आत जाणार कसे. पण शिफ्ट सुरू होऊन तासाभराने एकदा गुपचूप जाऊन बघा. एका बटणात नाणं खोचून वरून सेलोटेप मारलेली सापडेल. लगेच त्या पोरावर ओरडू नका, आधी त्याचं टार्गेट बघा. तासाला जेवढे पीस तुम्ही लावून दिलेत तेवढे दोन्ही बटणं दाबून निघतात का ते स्वतः घड्याळ लावून मोजा. निघत नसतील तर ती सेलोटेप तुम्ही मारलीय. पीस रेटवर माणूस ठेवायचा आणि वर सेफ्टीचं पोस्टर लावायचं, दोन्ही एकदम चालत नाही.

पेडलला वरून झाकण हवं, चुकून पाय पडून किंवा पीस पडून स्ट्रोक बसतो. डाय बदलताना मेन स्विच बंद, त्याला कुलूप, चावी डाय सेटरच्या खिशात, आणि रॅम खाली येऊ नये म्हणून त्याखाली टेकू, म्हणजे सेफ्टी ब्लॉक. कुलूप नसेल तर फ्यूज काढून खिशात टाका, लाजायचं काय त्यात. आणि नवीन हेल्परला पहिल्या दिवशी प्रेसवर बसवू नका, प्लीज. "आज ऑपरेटर आला नाही, तू बस जरा," या वाक्यावर किती बोटं गेलीत याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

बाकीची मशीनं, भराभर

ग्राइंडर: नवीन व्हील बसवायच्या आधी लटकवून हलकेच टिचकी मारा, खणखणीत वाजलं पाहिजे, बदबद आवाज आला तर तडा आहे, फेकून द्या. व्हीलवरचा आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नको. टूल रेस्ट (जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, टेकवायची पट्टी) आणि व्हीलमध्ये ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, नाहीतर जॉब आत ओढला जातो.

कॉम्प्रेसरची टाकी म्हणजे प्रेशर व्हेसल, तिची तपासणी सरकारमान्य सक्षम व्यक्तीकडून करून घ्यायची असते, बाहेरून दर ६ महिन्यांनी. लिफ्ट-होइस्ट ६ महिन्यांनी, क्रेन, चेन ब्लॉक, स्लिंग वर्षातून एकदा. सर्टिफिकेट घरबसल्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणारे महाभाग आहेत, त्यांच्या नादी लागू नका, माणूस शेडमध्ये येऊन टाकीला हात लावला तरच पैसे द्या.

वीज: आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. मशीनची अर्थिंग नुसती वायर दिसते म्हणून आहे असं समजू नका, मोजून घ्या. आवाज: आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, मीटर नसेल तर हात लांब केल्यावर जो उभा आहे त्याच्याशी ओरडून बोलावं लागतंय का बघा. लागत असेल तर मीटर भाड्याने आणा आणि कानाची तपासणी सुरू करा.

टाकी, खड्डा, ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट): कुणालाही आत उतरवू नका. आधी हवा तपासणं, वर एक माणूस उभा, कमरेला दोर, आत २४ व्होल्टच्या वरचा दिवा नाही, आणि लेखी परमिट. यातल्या बातम्या नेहमी सारख्याच असतात, एक उतरला, बेशुद्ध पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा. हे काम सरळ बाहेरच्या तयारीच्या एजन्सीला द्या.

आग आणि दरवाजा

७ जून २०२१ ला मुळशीत उरवड्याच्या कारखान्यात आग लागली, ८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यात वाढदिवसाच्या फुलझडी मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडमध्ये. दोन्हीकडे गेल्या त्या बहुतेक बायका, रोजावर येणाऱ्या. या दोन तारखा मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतो आणि मग सगळ्यांना घेऊन मागच्या दाराशी जातो. दहापैकी सात शेडमध्ये मागचं दार एकतर कुलपात असतं, कारण स्क्रॅप चोरीला जातं, नाहीतर त्याच्यासमोर खोक्यांची थप्पी. चोरीवर दुसरा उपाय करा, अलार्म लावा, कॅमेरा लावा, पण माणसं आत असताना ते दार आतून ढकललं की उघडलंच पाहिजे.

महाराष्ट्राचा २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे, त्यानुसार फायर यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला फॉर्म बी म्हणतात, ते लायसन्स असलेल्या एजन्सीकडून जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा द्यावं लागतं. सिलेंडर भिंतीवर आहे पण तो वापरता एकालाही येत नाही अशी स्थिती सर्रास असते. भरायची तारीख आली की रिकामा करायचाच आहे ना, मग मैदानात पत्र्यावर थोडी आग लावून पोरांच्या हातात द्या, पिन कशी काढायची ते एकदा हाताला कळलं की विसरत नाही.

सांगायचं कुठल्या भाषेत

बोर्ड इंग्रजीत, वाचणारा बिहारचा नाहीतर नांदेडचा. पिण्याच्या पाण्यावरची पाटीसुद्धा बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत हवी असं जुन्या कायद्यात होतं, तर मशीनच्या सूचनांचं काय बोलायचं. मराठी आणि हिंदी दोन्हीत लिहा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला दाखवा. ट्रेनिंगच्या रजिस्टरवर सही घेण्याआधी त्याच्याकडूनच मशीन बंद करून घ्या. मला सही नको, इमर्जन्सी बटण कुठेय ते न शोधता दाबता आलं पाहिजे.

आणि कामगाराला धोका वाटला तर त्याने तो सांगणं हा त्याचा कायदेशीर हक्क आहे, तुम्हाला सांगेल आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरलाही. सांगणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवलं तर पुढच्या वेळी तुम्हाला कळणार ते अपघात झाल्यावरच.

ईएसआय, पहिल्याच दिवशी

१० माणसं आणि पगार २१,००० पर्यंत, तर ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागतं. तुमचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५. नोंदणीला १० दिवस मिळतात पण कशाला थांबता, आधार हातात आला की लगेच करा. बरेच जण "आधी महिनाभर टिकतो का बघू" म्हणून थांबतात. अहो, न टिकणारा म्हणजेच नवखा, आणि लागतं नवख्यालाच! कामावर इजा झाली तर किती महिने वर्गणी भरली हे बघत नाहीत, पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे, बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के मिळतात. तीन दिवसांपूर्वी आलेल्या, कागदावर नसलेल्या एका मुलाचं अंगठ्याचं पेर गेलं होतं, मालकाने खाजगी हॉस्पिटलचं बिल भरलं, नंतर भरपाईचा खटला लढला, आणि हे सगळं एका ऑनलाइन फॉर्मने टळलं असतं.

झालाच अपघात तर

आधी माणूस. १०८ ला फोन, आणि गाडीला वेळ लागणार असेल तर आपली गाडी. जळालं तर साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं, टूथपेस्ट आणि शाई नाही. डोळ्यात कण गेला तर रुमालाच्या टोकाने काढणारे तज्ज्ञ प्रत्येक शेडमध्ये असतात, त्यांना लांब ठेवा. बोट तुटलं तर ते शोधा, स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, आणि ती पिशवी बर्फात ठेवा. थेट बर्फात बोट टाकायचं नाही, ते खराब होतं. बोट जोडणारे सर्जन कुठल्या हॉस्पिटलला आहेत हे आजच विचारून ठेवा, रात्री साडेदहाला शोधत बसू नका.

मग मशीन बंद आणि जागा आहे तशी. फरशी धुवायची घाई करू नका, फोटो काढा. मृत्यू झाला किंवा माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकणार नसेल तर डिशला कळवणं बंधनकारक आहे. मृत्यू किंवा मोठी इजा असेल तर तिथल्या तिथे फोन आणि मागून लेखी, मृत्यू असेल तर पोलिसांनाही. ईएसआयच्या पोर्टलवर अपघाताचा रिपोर्ट वेगळा भरायचा, एक भरला की दुसरा आपोआप होत नाही. लपवालपवी करू नका, "घरी जिन्यावरून पडला" असं हॉस्पिटलला लिहायला लावलं तर त्या माणसाचा ईएसआयचा हक्कही जातो आणि तुम्ही खोटं बोलल्याचा पुरावा तुमच्याच सहीने तयार होतो.

दसरा आणि गार्ड

खंडेनवमीला सगळीकडे मशीनं धुतात, रंगवतात, हळद-कुंकू, झेंडूची माळ. रंगवताना गार्ड काढतात. आणि पूजा झाली, पेढे वाटले, दिवाळीनंतर काम सुरू झालं तरी ते गार्ड कोपऱ्यात भिंतीला टेकून उभेच असतात, छान हिरवा रंग मारलेले. माझा अनुभव असा की वर्षाची मोठी तपासणी करायची तर दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला सकाळचा तास धरावा, एकही मशीन सुरू न करता. गार्ड जागेवर, बटणं चालू, पेटी भरलेली, दार उघडतंय, आणि मगच स्विच.

त्या भोसरीवाल्याने परवा फोटो पाठवला. पेटी आता खांबाला लावलीय, कुलूप नाही, बाजूला मोठ्या अक्षरात १०८, हॉस्पिटलचा नंबर, रात्रपाळीत कुणाची गाडी कुठे उभी असते आणि चावी कुणाकडे, सगळं. मस्त वाटलं. मग फोटो झूम केला तर मागे तिसऱ्या नंबरचा प्रेस दिसतोय, गार्ड वर करून बाइंडिंग वायरने बांधलेला. फोन लावलाय त्याला, तो प्रेस बंद ठेवायला सांगितलंय, उद्या सकाळी जाऊन बघतो.